आधी प्रत मागा, मग पुसायला सांगा

अँटिव्हायरस टाकताना ‘मान्य आहे’ दाबलं, चार वर्षांनी कळलं की तुम्ही बघितलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता कंपनीकडे जात होता आणि तिथून पुढे विकला जात होता. अशी पत्रं सतत येतात. पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी धास्तावलो : ‘संतापून सॉफ्टवेअर काढलं आणि माझी सगळी माहिती पुसा, असा मेल टाकला. त्याला अकरा दिवस झाले.’

अहो, पुरावाच पुसायला सांगितलात! तोही स्क्रीनशॉट न काढता.

कंपनी युरोपीय संघातली आहे, म्हणजे तुम्ही कुठेही राहत असलात तरी जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू होतो. तुमच्या विनंतीवर त्यांनी महिन्याभरात पाऊल उचलायचं असतं. माहिती अजून शिल्लक असेल तर हाच काळ तुमच्या हातात आहे. आजच लिहा : पुसण्याची विनंती मागे घेतो, कलम १८ नुसार माहिती न पुसता तिचा वापर थांबवा, मला दाव्यासाठी ती हवी आहे. त्याच मेलमध्ये कलम १५ नुसार प्रत मागा. माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावं मागा. ‘आमचे भागीदार’ एवढ्यावर ऐकून घेऊ नका. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये नावं द्यावी लागतात, असं स्पष्ट केलंय. शिवाय संमतीची नोंद मागा : तारीख आणि तेव्हा पडद्यावर दिसलेला मजकूर. संमती होती हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर आहे, आणि चौकटीत आधीच टिक केलेली असेल तर ती संमती धरली जात नाही.

‘माहिती निनावी होती’ असं उत्तर येईल. अ‍ॅव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीनेही तेच म्हटलं होतं. २०१९ मध्ये सुमारे १० कोटी वापरकर्त्यांची माहिती त्यांनी जम्पशॉट या उपकंपनीला दिली. चेक प्रजासत्ताकाच्या माहिती-संरक्षण नियामकाने तो बचाव फेटाळून ३५.१ कोटी कोरुना (तिथलं चलन) दंड केला, पण अंतिम निर्णयाला २०२४ उजाडलं. पाच वर्षं! लोकांनी इतकी वाट का बघायची?

भरपाईचं आत्ताच सांगता येणार नाही. नुसता नियमभंग पुरत नाही, तुमचं नुकसान दाखवावं लागतं. मानसिक त्रासही त्यात येऊ शकतो, पण किती मिळेल हे न्यायालयागणिक बदलतं.

हा मेल अँटिव्हायरसच्या खात्याला जोडलेल्या ई-मेल पत्त्यावरूनच पाठवा. दुसऱ्या पत्त्यावरून गेला तर ओळख पटवण्याच्या पत्रव्यवहारात उरलेले दिवसही जातील.