बीपीच्या मशीनचा पट्टा आणि आईचा दंड

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ असून तिला चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा रक्तदाब १३८/८४ च्या आसपास असतो. लातूरहून आणलेल्या मशीनवर मात्र वरचा आकडा १६० च्या खाली येतच नाही. परवा तो पाहून तिने रात्री आणखी एक गोळी घेतली आणि पहाटे उठताना चक्कर येऊन पडली. मशीन बिघडले आहे का? आई अंगाने भरलेली आहे, याचा काही संबंध असेल का?
(एक वाचक, तालुका औसा)

उत्तर : संबंध आहे, आणि बहुधा तेच मुख्य कारण असावे. मशीनसोबतचा दंडाचा पट्टा उलगडून पाहा. त्यावर बारीक अक्षरांत '२२ ते ३२ सेंमी' असे माप छापलेले असते. शिंप्याच्या टेपने आईंच्या दंडाचा मधला घेर मोजा. तो ३५-३६ भरला, तर हा पट्टा त्यांना अपुरा आहे, आणि अपुऱ्या पट्ट्याला जाड दंडातील धमनी दाबण्यासाठी जास्त हवा भरावी लागत असल्याने रक्तदाब आहे त्याहून अधिक दिसतो. ही अडचण जुनी आहे. इटलीतील डॉ. रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये वापरलेला पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता व त्यावर आकडे चढे येत. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, मात्र तो आपल्याच मशीनच्या कंपनीचा घ्यावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी. बाजेवर पाठ टेकायला जागा नसते, म्हणून आईंना खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवावे. पोलक्याची बाही पट्ट्याखाली येऊ देऊ नये. हात मांडीवर सोडला तर आकडा वाढतो. तो उशीवर, छातीच्या उंचीला ठेवावा. मोजताना कोणीही बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस मोजून सगळे आकडे वहीत लिहावेत. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी ती १३५/८५ किंवा जास्त आली, तर रक्तदाब आटोक्यात नाही असे समजतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० आहे.

वहीबरोबर मशीनही आरोग्य केंद्रात न्यावे आणि तेथील उपकरणाशी ताडून घ्यावे. नाडी अनियमित असेल तर घरचे मशीन फसू शकते, तेही डॉक्टरांना विचारावे.

गोळीबाबत मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. एका आकड्यावरून गोळी वाढवणे वा बंद करणे घातक आहे. आई पडल्याचे डॉक्टरांना लगेच सांगा, वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका. वरचा आकडा १८० च्या पुढे जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एक बाजू लुळी पडणे असे काही दिसले, तर पुन्हा मोजत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.