गालिच्यावर सांडलेला ऑइलपेंट

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर दारांच्या चौकटी रंगवताना ऑइलपेंटचा डबा कलंडला आणि बैठकीतल्या लोकरी गालिच्यावर वीतभर रंग सांडला. रंगाऱ्याने घाईने थिनर ओतून चिंधीने घासल्यावर डाग हातभर पसरला. आता महिना झाला. शेजारी डिस्टेंपरचेही काही थेंब आहेत. गालिचा सासूबाईंच्या माहेरचा असल्यामुळे टाकवत नाही. शिवाय माडीवरची दारे रंगवायची राहिली आहेत. पुन्हा असे झाले तर काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपले पत्र वाचून हळहळ वाटली, कारण रंग ओला असताना हा गालिचा बराचसा वाचवता आला असता. ओतलेला थिनर रंगाला आडवा पसरवतो आणि घासल्याने तो लोकरीच्या बुडाशी जाऊन बसतो. असा डाग पुसायचा नसतो, टिपायचा असतो.

रंग ओला असेल, तर तो जुन्या चमच्याने कडेकडून मध्याकडे उचलून घ्यावा आणि चमचा दर वेळी पुसावा. मग पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळावा, डागावर दाबावा, उचलावा आणि पुढच्या वेळी फडक्याची कोरी बाजू घ्यावी; फडक्यावर रंग उतरेनासा होईपर्यंत हेच करत राहावे. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात टर्पेंटाइन लावून गालिच्याचा स्वतःचा रंग सुटत नाही ना, ते पाहावे. गालिचा उलटूनही पाहावा. पाठीवर नक्षी आणि गाठी दिसल्या तर तो हातविणीचा आहे. पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर आतला रबरी थर टर्पेंटाइनने सुटू शकतो, म्हणून तेथे फडके जेमतेम ओले ठेवावे. शेवटी कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब टाकून त्याने टिपावे, मग साध्या पाण्याने टिपून कोरड्या टॉवेलने दाबून घ्यावे. या सगळ्याला दोन मग पाणी पुरते. टँकरची वाट पाहत उन्हाळा काढणाऱ्या आपल्या भागात हे मुद्दाम सांगावेसे वाटते. लोकरीला कढत पाणी, सोडा किंवा ब्लीच मुळीच लावू नये.

महिन्याभराच्या डागाचे वेगळे आहे. ऑइलपेंटमधले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि असा रंग टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही. कडेचे कडक पापुद्रे बोटांनी चुरडून काढावेत आणि लोकर दाट असेल तर रंगलेली टोके लहान कात्रीने, एका वेळी दोन-चार धागे, अगदी वरवर छाटावीत. मधल्या भागाशी घरी खेळू नये; गालिचा अनुभवी ड्रायक्लीनरकडे द्यावा आणि थिनर ओतला होता, हे त्याला आवर्जून सांगावे. डाग पूर्ण जाईल असे मला वाटत नाही, पुष्कळसा फिका होऊ शकेल. डिस्टेंपरचे थेंब कोमट साबणपाण्याच्या फडक्याने मऊ करून बोथट सुरीने खरवडावेत.

माडीवर काम काढण्यापूर्वी गालिचे गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवावेत. टर्पेंटाइन पेट घेते, म्हणून ते वापरताना खिडक्या उघडाव्यात, गॅस आणि समई बंद ठेवावी. रंगाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. रंग वाळताना तेल तापते, बोळ्यातली ती उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या अंगणात एकेक करून मोकळ्या पसराव्यात आणि वाळल्यावरच कचऱ्यात टाकाव्यात.