रिलेशनल अल्जिब्रा: आधी वहीत, मग एसक्यूएल

रिलेशनल अल्जिब्रा म्हणजे टेबलांवर ठरावीक क्रिया करून हवी ती माहिती काढायची पद्धत; एसक्यूएल ही डेटाबेसला तेच विचारायची भाषा. यातल्या क्रियांपैकी सिग्मा (σ) ओळी निवडतो, पाय (π) स्तंभ. हे तुला एका संध्याकाळी जमेल. त्यात फार रेंगाळू नकोस. घाम फुटतो तो 'सर्व' हा शब्द आला की.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण घे. टेबलात दोन स्तंभ: भजनी मंडळ आणि ते जिथे गायलं तो तालुका. बार्देश, फोंडा आणि सत्तरी, तिन्हीकडे गायलेली मंडळं शोधायचीत. सगळ्या मंडळांचा या तीन तालुक्यांशी कार्टेशियन गुणाकार कर, म्हणजे प्रत्येक मंडळाची प्रत्येक तालुक्याशी जोडी लाव. त्यातून प्रत्यक्षातल्या जोड्या वजा कर. उरल्या त्या न झालेल्या हजेऱ्या. त्यांतली मंडळं मूळ यादीतून काढून टाक, राहिलं ते उत्तर. भागाकार म्हणतात तो हाच. पाठ करू नकोस, चार-पाच ओळींचं टेबल काढून हाताने सोडव.

नॅचरल जॉइनपासून, म्हणजे सारख्या नावाच्या स्तंभांवरून दोन टेबलं जोडणाऱ्या क्रियेपासून, जरा जपून. दोन्ही टेबलांत 'नाव' असेल, तर तो त्यावरही जुळणी करतो; आधी एका स्तंभाचं नाव बदल. आणि ही पद्धत मांडणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडच्या 1970 च्या मांडणीत संबंध (म्हणजे टेबल) हा संच असतो, म्हणून पुनरावृत्ती नाही. एसक्यूएल मात्र डिस्टिंक्ट लिहिल्याशिवाय त्याच ओळी पुन्हा दाखवतं.

ताळा करायला इन्सब्रुक विद्यापीठाचा 'रिलॅक्स' कॅल्क्युलेटर आहे, ब्राउझरमध्येच चालतो. पण वहीतलं उत्तर आल्यावरच उघड हां.