अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीकाठची शिकारीची जमीन घेतली, तर नदीपण आपलीच होते का?

नाही, जमीन तुमची होईल, पण नदीवर लोकांचा हक्क तसाच राहील. 1984 मध्ये मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे निकाल दिले आणि 1985 मध्ये त्यावर कायदाच झाला. नेहमीच्या भरल्या पाण्याची खूण जिथवर असते, तिथवर कुणीही गळ टाकू शकतो, होडी नेऊ शकतो, पात्रातून चालू शकतो. म्हणून जाहिरातीतल्या ‘खाजगी नदीकिनारा’ या शब्दांवर जादा पैसे देऊ नका, हे कळकळीने सांगतो. मात्र नदीपर्यंत पोहोचायला तुमच्या शेतातून वाट काढायचा हक्क कुणालाही नाही आणि तुमच्या जमिनीवर शिकार करायची तर तुमची परवानगी लागतेच. परवाना मात्र मालकालाही काढावा लागतो. हरीण, एल्क (हरणाचीच एक मोठी जात) हे प्राणी जमिनीबरोबर विकत मिळत नाहीत.

सौद्याआधी हे तपासा:
- पाणी वापरायचा हक्क कागदोपत्री जमिनीसोबत येतो का. तिथे ज्याचा वापर जुना, त्याला पाणी आधी.
- खनिजांचे हक्क आधीच कुणाला विकलेत का.
- जमीन पूररेषेत किती येते. केबिन बांधायची असेल तर सगळं यावरच अडतं.
- सार्वजनिक रस्त्यावरून जमिनीपर्यंत कायदेशीर वाट आहे का.

नदीचा हा नियम फक्त मोंटानापुरता. शेजारच्या वायोमिंगमध्ये पाण्यावरून होडी नेता येते, पण खाजगी मालकीच्या नदीतळावर उतरून चाललं तर ती घुसखोरी ठरते.