पिल्लू हजारांत, कुत्रं लाखांत

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लोकांना एकच गोष्ट हवीय, मोठ्या जातीचं कुत्रं पाळायला नेमका खर्च किती. मी पुण्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो त्यामुळे आकडे इथले आणि अंदाजाचे आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होणार.

प्रश्न: लॅब्रॅडॉरचं पिल्लू ३० हजारांना मिळतंय, केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) पेपरसकट. आम्ही दोघंही नोकरीवाले, पिंपरीत फ्लॅट. महिन्याला तीन हजारांत भागेल ना?

नाही भागणार. पूर्ण वाढलेला ३० किलोचा लॅब दिवसाला साधारण ४०० ग्रॅम ड्राय फूड खातो, म्हणजे महिन्याला १२ किलो, आणि बऱ्यापैकी फूड ४०० रुपये किलो धरलं तरी ४,८०० तिथेच गेले. गोचिडीची गोळी महिन्याला एक, ती वजनाच्या स्लॅबवर मिळते, लॅबची साधारण ९०० ला पडते. ती टाळू नका, कारण पावसाळ्यात टिक फीव्हर (गोचिडीचा ताप) झाला की रक्ताच्या तपासण्या, सलाईन आणि दोन-चार आठवड्यांचं औषध यात वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे जातात. मग लस, रेबीजचं इंजेक्शन आणि जंताचं औषध मिळून वर्षाला चारेक हजार. तुम्ही दिवाळीत गावी जाणार, तेव्हा बोर्डिंगमध्ये ठेवायचे दिवसाला ८०० प्रमाणे दहा दिवसांचे आठ हजार. शॅम्पू, पट्टा, चावून फाडलेली गादी वगैरे पाच हजार. बेरीज करा, वर्षाला ८५ हजार होतात, महिन्याला सात हजार. लॅब अकरा वर्षं जगला तर नऊ लाखांच्या वर, आणि यात एकही मोठं आजारपण धरलेलं नाही. तुमचे ते ३० हजार या हिशोबात कुठे दिसतात सांगा.

घरचं चिकन-भात स्वस्त पडतं हे खरं, पण ते नीट बॅलन्स करून द्यावं लागतं, नुसता दहीभात चालत नाही.

आणि पेपरवर जाऊ नका. पेपर वंशावळ सांगतो, तब्येत नाही. खुब्याचा त्रास आनुवंशिक असतो, म्हणून आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का ते विचारा, ब्रीडर गडबडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू देत असेल तर सरळ उठून या, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही.

प्रश्न: सांगलीजवळ शेत आहे, जागा भरपूर. ग्रेट डेन घ्यायचाय. तो आठच वर्षं जगतो असं वाचलं, म्हणजे एकूण खर्च लॅबपेक्षा कमीच ना?

हा हिशोब मला बरेच जण घालून दाखवतात :) डेन ६०-७० किलोचा, महिन्याला पंचवीसेक किलो फूड, म्हणजे दहा हजार. आठ वर्षांचे साडेनऊ लाख नुसत्या खाण्याचे, लॅबचे अकरा वर्षांचे सव्वासहा. मोठ्या कुत्र्याचं सगळं किलोवर चालतं हो. भूल किलोवर, अँटिबायोटिक किलोवर, सलाईन किलोवर. जे औषध पामेरेनियनला पाव गोळी लागतं ते डेनला पाच-पाच गोळ्या.

पण पैशापेक्षा एक गोष्ट आधी सांगतो. एका रात्री साडेअकराला एक डेन आणला होता, चौघांनी चादरीची चार टोकं धरून, कारण तो उभाच राहू शकत नव्हता. संध्याकाळी एकदम पोटभर जेवला आणि मग अंगणात पोरांबरोबर पळाला. घरच्यांना वाटलं अपचन झालंय, त्यांनी इनो पाजला आणि दोन तास वाट बघितली. पोटावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. जठर फुगून पीळ पडला होता. आम्ही ऑपरेशन केलं, पण तो सकाळ बघू शकला नाही, आणि बिल मात्र झालंच. ते बिल देताना त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे होतं. लक्षण ओळखून ठेवा: ओकायला बघतो पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट ताणलेलं, एका जागी बसत नाही. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढायची. म्हणून जागा किती आहे ते मी विचारतच नाही, रात्री अकरा वाजता ऑपरेशन करणारा डॉक्टर तुमच्यापासून किती किलोमीटरवर आहे ते सांगा. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून अडकवून घेता येतं, पीळ पडायचा धोका खूप कमी होतो. डेन घेणारच असाल तर तो खर्च पहिल्या दिवसापासून धरा. जेवण दोन-तीन वेळा विभागून, आणि जेवल्यावर तासभर पळापळ नको.

प्रश्न: शेफर्डचं तीन महिन्यांचं पिल्लू आहे. ब्रीडरने रोज कॅल्शियमचं सिरप द्यायला सांगितलंय, हाडं मजबूत होतात म्हणे. कोणतं चांगलं?

कोणतंच नाही, बंद करा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं फूड देत असाल तर कॅल्शियम त्यातच असतं. वरून घातलं की वाढणारी हाडं वाकडी होतात, सांधे बिघडतात. स्वतःचे पैसे घालून दुखणं विकत घ्यायचा प्रकार आहे हा.

प्रश्न: इन्शुरन्स काढावा का?

आपल्याकडे मिळतो. काढायचा तर कुत्रं लहान असतानाच, कारण मोठ्या जातींना वयाची अट कडक असते. आनुवंशिक आजार वगळलेत का तेवढं वाचा, बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात, आणि खुब्याचा त्रास तर त्याच यादीत येतो. त्यापेक्षा महिन्याला दोन हजारांची आरडी काढा आणि तिला हात लावू नका, असं मी तरी सांगतो.

प्रश्न: आमचा लॅब सात वर्षांचा, वजन ४४ किलो. जिना चढत नाही. सांध्याच्या गोळ्या महाग पडतात, स्वस्त पर्याय आहे का?

आहे, फुकट आहे. त्याला कमी खायला घाला.

रागावू नका. लॅब कायम उपाशी असल्यासारखं बघतो त्यात त्याचाही दोष नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एक जीन बिघडलेला असतो आणि भूक भागल्याचा सिग्नल नीट जात नाही. त्यामुळे त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, वजनकाट्यावर मोजून वाढा, आणि आजोबांची चहाबरोबरची पारले-जी आधी थांबवा, ती कुठल्याच घरात मोजली जात नाही. फासळ्यांवरून हात फिरवा, थोडं दाबल्यावर बोटांना लागल्या पाहिजेत. तुमच्याकडे नुसती उशी लागत असणार.

अमेरिकेत ४८ लॅबच्या जोड्या लावून, त्यांना जन्मभर सांभाळून अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. जोडीतल्या एकाला पाव हिस्सा कमी खायला दिलं, तर कमी खाणारे गट म्हणून जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि सांध्याची औषधंही त्यांना उशिरा लागली. (म्हणजे बाबा, दोन वर्षांचा खर्च वाढला, असं माझी मुलगी म्हणाली. बरोबर आहे तिचं.)

एकदम अर्धं करू नका, महिन्याला दोनेक किलो उतरलं तरी पुष्कळ. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि माणसांची पेनकिलर तर अजिबात नको, त्याने पोटात अल्सर होतो. लादीवर रबरी मॅट टाका, घसरतोय म्हणून पण जिना टाळत असेल. दर पंधरा दिवसांनी क्लिनिकमध्ये आणून काट्यावर उभा करा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.