'आम्हाला सी मिळाला' म्हणजे नक्की कुणाला?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला, वेब डिझाइन सक्तीचं, त्यात सी ग्रेड, आणि तुम्हाला विचारायचंय की रीचेकिंगला टाकू की सरळ तिला कॉम्प्युटरला घालू. पण पत्रात तीनदा 'आम्हाला सी मिळाला' असं आहे आणि मधेच एक ओळ, की पुतण्या आयटीत आहे, तो म्हणाला असल्या फालतू असाइनमेंट काय करत बसलीयस, फायनल साइट मीच करून देतो. मी तिथेच अडकलो.

मग सी कुणाला मिळाला हो? पुतण्याला?

राग मानू नका, पण तुम्हीच लिहिलंय की दर आठवड्याला छोटं काम असायचं, आधी एक पान हाताने एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा, मग त्याला सीएसएस, म्हणजे रंगरूप, मग तीच बातमी फोनवर नीट दिसेल असं करायचं. पहिली चार तिने वेळेत दिली. पुतण्या मधे आला आणि पुढची उशिरा, शेवटची दोन तर दिलीच नाहीत, आणि मग एकदम चकाचक साइट! सेमिस्टरभर जे सर तिचं काम बघतायत त्यांना हे कळलं नसेल? सी दिला हे नशीब समजा. रीचेकिंग मागितलंत आणि 'ही ओळ इथे का लिहिलीस' असं विचारलं तर उत्तर तिला द्यायचंय.

आता तुमचा मुद्दा, साइट इतकी भारी दिसते तर मार्क कापले कसे. लिंक दिलीत म्हणून मी फोनवर उघडून बघितली. आधी हलणारा बॅनर, मग व्हिडिओ लोड होईपर्यंत गोल फिरणारं चक्र, आणि बातमी कुठे तर तीन स्क्रोल खाली, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरात. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीत कमीत कमी ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात, इथे मला डोळे बारीक करावे लागले. फोटोंना कॅप्शन नाही, फोटो कुणाचा ते नाही, ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोमागे लिहिलेलं वर्णन, नाही, म्हणजे स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या अंध वाचकाला फोटोत काय आहे ते कळणारच नाही. हेडिंगं नुसती मोठी आणि ठळक केलेली अक्षरं, एच वन, एच टू अशा हेडिंगच्या एचटीएमएल खुणा काही नाहीत. पत्रकारांच्या वर्गात डिझाइनचे मार्क ह्याचे असतात, वाचक बातमीपर्यंत पोचला का. पुतण्याने दुकान सजवलंय, आणि त्याला दोष नाही, त्याचं रोजचं काम तेच असेल.

कॉम्प्युटरला घालायची काही गरज नाही. जँगो हे आज जगभर वापरलं जाणारं वेब फ्रेमवर्क, म्हणजे साइट उभारायचा तयार सांगाडा, २००३ मध्ये कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या वेब टीममध्ये सुरू झालं, बातम्यांच्या डेडलाइनमध्ये साइट उभ्या करायच्या म्हणून, आणि ते करणाऱ्या दोघांपैकी एड्रियन होलोव्हाटी पत्रकारिताच शिकलेला. डेटा जर्नालिझम, न्यूजरूमचं डिजिटल डेस्क, यूएक्स म्हणजे साइट वापरणाऱ्याला सोपी जावी ह्याचं डिझाइन, सगळं ह्याच डिग्रीतून पुढे करता येतं.

मला काळजी सीची नाहीये. 'ती आता लॅपटॉप उघडतच नाही' हे तुम्ही आळस म्हणून लिहिलंय, मला तसं वाटत नाही. स्वतःचं वाकडंतिकडं पान चारदा वेळेवर देणाऱ्या मुलीला घरातल्याच माणसाने फालतू म्हटलं, आणि तुम्ही गप्प बसलात.

पुतण्याची साइट बाजूला ठेवा. तिच्याच एखाद्या बातमीचं एक पान ती स्वतः करू दे, साधं, कुरूप असलं तरी चालेल, आणि ते घेऊन सरांना भेटून विचारू दे की मार्क कशाकशाचे होते आणि राहिलेली दोन कामं अजून देता येतील का. फायनल साइट कुणी केली हेही तिनेच सांगावं, अवघड आहे, पण सांगावं. ती आत असेल तेव्हा तुम्ही बाहेरच्या बाकावरही बसू नका.