मुंबईत कोणी कोणाचं नसतं?

प्रश्न : मुलीला मुंबईत नोकरी लागली आहे. तिथे शेजारीही एकमेकांना ओळखत नाहीत म्हणे. पाठवू का?
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं खरं आहे, समोरच्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीवरूनच कळलं. पण ओळखी होतात त्या लोकलमध्ये. डोंबिवलीहून २२ वर्षं मी लेडीज डब्यातून गेले. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा देतात, उभी असलेली "कुठे उतरणार?" विचारून ठेवते. दसऱ्याला डब्यात तोरणं, पेढे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री घाटकोपरला एका अनोळखी घरात, त्यांच्याच कोरड्या साडीत मी झोपले. नाव विचारायचं राहिलंच. पाठवा मुलीला. फक्त संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, म्हणजे लांब विरारला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये, चढून अलीकडच्या बोरिवलीला उतरू नको म्हणावं; विरारवाल्या उतरू देत नाहीत. तिथे मात्र दयामाया नाही!